महिपती तारवाला आणि साहेबांची रेसर

लोणावळ्यात वलवणच्या रस्त्याला अजिंक्यसाहेबांचा बंगला होता आणि महिपती तिकोने त्या बंगल्याच्या राखणीला होता. साहेब त्याला माळी म्हणत. या शब्दाचा महिपतीला एवढा राग होता की कुणी ‘माळीबुवा’ म्हणून हाक मारली तर तो ओ देत नसे. हाक मारणारा दमून जवळ आला की तो सांगे, "माळी हितं कुणी न्हाई. मी तारवाला." आणि पुन्हा कण्हेरीच्या आळ्यात पाणी सोडायला लागे.

तारवाला तो होताच. मळवलीजवळच्या पाटणचा हा गडी एकोणीसशे नऊ-दहाच्या सुमाराला रेल्वेच्या तारखात्यात खलाशी, म्हणजे मजूर, म्हणून लागला आणि चोवीस वर्षं घाटातल्या खांबांवर चढला-उतरला. रुळांच्या कडेनं एका स्टेशनातून दुसऱ्या स्टेशनात जाणारी तार कुठं तुटली, कुठं लोंबली, कुठं झाडाला टेकून तिच्यातली वीज जमिनीत उतरली, हे शोधायचं त्याचं काम. वीज अशी जमिनीत उतरली की खात्यातले लोक म्हणत, ‘तार अर्थ झाली.’ महिपतीला अक्षर वाचता येत नव्हतं. पण फॉल्ट, टेस्ट, लीक आणि अर्थ हे चार शब्द तो घरच्या गाईबैलांच्या नावांसारखे वापरी.

एका वर्षी खंडाळ्याच्या खाली एक तार दिवसातून दोन-तीनदा मुकी व्हायची आणि आपोआप बोलायला लागायची. इन्स्पेक्टर साहेब ट्रॉलीवर छत्री धरून आले. त्यांच्याजवळ तारेतली वीज मोजायची काट्याची पेटी होती. त्यांनी तीन वेळा टेस्ट केली, तिन्ही वेळा तार ठणठणीत निघाली, आणि ‘खाली काही बिघाड नाही, स्टेशनातले बाबू झोपा काढतात’ असा शेरा मारून ते परत गेले. महिपती भाकरी बांधून त्या तारेखाली जाऊन बसला. दोन दिवस बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला आणि कड्यावरच्या एका बांबूचा शेंडा वाकून तारेला टेकला. वारा पडला, शेंडा उठला. महिपतीनं कोयत्यानं शेंडा उतरवला आणि फॉल्ट संपला. इन्स्पेक्टरांना ही गोष्ट सांगायला गेला तेव्हा ते म्हणाले, "मग पेटीत का दिसलं नाही?" महिपती मनात म्हणाला, तू आलास तेव्हा वारा नव्हता, गाढवा. शिकल्यासवरल्या माणसांविषयी त्याचं मत त्या दिवशी झालं आणि पुढं ते बदलायची वेळ कुणी त्याच्यावर आणली नाही.

खांबावरून पडून गुडघा गेला तेव्हा त्यानं नोकरी सोडली आणि बायको अंबूबाई हिच्यासह तो बंगल्याच्या मागच्या खोलीत राहायला आला.

मनोहरराव अजिंक्य हे मुंबईचे सॉलिसिटर. आडनाव अजिंक्य, पण घरात आत्याबाईंपुढं, कचेरीत स्वतःच्याच हेडक्लार्कपुढं आणि क्लबात पत्त्यांपुढं ते नेमानं हरत. दर शनिवारी ते लोणावळ्याला येत आणि रविवारच्या संध्याकाळच्या गाडीनं परत जात. छत्तीस सालच्या दसऱ्याला त्यांनी कुठल्याशा संस्थानिकाच्या तबेल्यातून एक शर्यतीची मोटर विकत आणली. गाडी तेरा वर्षांची होती. लांबच लांब नाक, नाकावर चामड्याचा पट्टा करकचून बांधलेला, वर टप नाही, बाजूला दारं नाहीत, आणि बसायला जागा फक्त दोघांना. सुरू झाली की वलवणच्या तळ्यावरचे बगळे उठून जात.

अंबूबाईनं गाडीभोवती एक फेरी मारली. "येवढी लांब गाडी आन मानसं दोनच? बाकी समद्यात काय भरलंय?"

"हवा," महिपती म्हणाला. "सायबाची."

साहेब गाडीत बसताना डोक्यावर चामड्याची टोपी घालीत. तिच्या कानपट्ट्या हनुवटीखाली बांधल्या आणि डोळ्यांवर मोठा चष्मा चढवला की त्यांचा चेहरा उन्हात वाळत घातलेल्या बेडकासारखा दिसे. असं महिपतीचं म्हणणं. त्यांच्या शेजारी चाक धरून फकरुद्दीन बसे. फकरुद्दीन लोणावळ्याचाच, तिशीतला, आधी टांगा आणि मग मोटर हाकणारा सरळ माणूस. साहेबांनी त्याला पितळी बटणांचा कोट आणि पुढं छज्जा असलेली टोपी दिली होती. ती टोपी तो आठवडाभर कागदात गुंडाळून ठेवी आणि शनिवारी फुंकर मारून घाली. महिपतीला त्याची ही टोपीसेवा बघवत नसे, पण माणूस वाईट नव्हता. दुपारी तो महिपतीच्या ओट्यावर येऊन बसे आणि त्याला ‘आबा’ म्हणे.

आता ही गाडी सपाटीवर वाऱ्यासारखी पळे. कामशेतपर्यंत जाऊन यायला तिला काही वाटत नसे. पण घाट चढताना, शिंगरोबाच्या देवळाच्या वर, जिथं चढ अंगावर येतो तिथं, ती खोकायला लागे, दोन-चार धक्के देई आणि मरे. पाच मिनिटं उभी केली की पहिल्याच हँडलला सुरू. पुन्हा चढाला लावली की पुन्हा मेली. दसऱ्यानंतरच्या पहिल्याच रविवारी साहेबांना भाताच्या पेंढ्याच्या बैलगाडीमागं दोर बांधून घरी यावं लागलं. चामड्याची टोपी त्यांनी तेव्हाही काढली नव्हती.

पुढच्या शनिवारी साहेब मुंबईहून रेगे नावाच्या तरुण इंजिनिअरला घेऊन आले. रेगे विलायतेत दोन वर्षं राहून आला होता आणि ही बातमी तो प्रत्येक तिसऱ्या वाक्यात देत असे. पांढराशुभ्र डगला, हातात पेटी. पेटी बघितल्याबरोबर महिपतीनं पाण्याची झारी खाली ठेवली आणि शेडच्या दाराशी येऊन उकिडवा बसला. त्याला आता करमणूक होणार हे दिसत होतं.

रेग्यानं प्लग काढले, नवे घातले. बॅटरी तपासली, त्या गाडीच्या ठिणगीचा बॅटरीशी काही संबंध नव्हता, तरी तपासली. मग इंजिनाच्या कुशीला बसवलेला मॅग्नेटो काढला. मॅग्नेटो म्हणजे नारळाएवढं एक यंत्र. इंजिनाबरोबर फिरतं आणि प्लगांना लागणारी वीज स्वतःच तयार करतं. रेग्यानं शेडमध्ये गाडी सुरू केली, एक तास चालवली. गाडी एकदाही खोकली नाही.

"सर्व काही ठीक आहे," रेगे रुमालानं हात पुसत म्हणाला. "विलायतेत आम्ही याला ड्रायव्हरचा दोष म्हणतो."

महिपतीला राहवलं नाही. "सायेब, गाडी घाटात मरतीया. हितं हुभी करून काय दिसंल? चढाला लावून बगा की."

साहेब वळले. पाहुण्यांसमोर माळ्यानं तोंड उघडलं याचं त्यांना बरंच वाईट वाटलेलं दिसलं. "महिपती, तू तुझी कण्हेर बघ."

रेगे हसला. "बाबा, यात वीज असते. हात लावू नकोस, झटका बसेल."

चोवीस वर्षं विजेच्या तारांवर लोंबकळलेल्या माणसाला हे सांगितलं गेलं. महिपती उठला, गुडघा धरत कण्हेरीकडं गेला, आणि त्यानं ठरवलं की या दोघांशी गाडीविषयी पुन्हा बोलायचं नाही. बघायचं मात्र.

मंगळवारी दुपारी फकरुद्दीन गाडीचं नाक उघडून पुसत होता. महिपती जवळ गेला.

"फकरू, ही गाडी बंद कशी करत्यात?"

"या स्विचनं, आबा. चाक धरायच्या जागेसमोर हा खटका आहे ना, तो फिरवायचा."

"मंग काय हुतं?"

फकरुद्दीननं मॅग्नेटोतून निघणारी करंगळीपेक्षा बारीक तार दाखवली. ती इंजिनाच्या मागच्या लोखंडी पत्र्याच्या भोकातून आत स्विचकडं जात होती. "गाडी चालते तेव्हा ही तार मोकळी असते. खटका फिरवला की तिचं टोक लोखंडाला लागतं. मग मॅग्नेटोची वीज प्लगाकडं न जाता गाडीच्या अंगातच जिरते. ठिणगी नाही, म्हणून इंजिन बंद."

"म्हंजी तार अर्थ हुती."

"काय होती?"

"काय न्हाई."

फकरुद्दीन जेवायला गेला. महिपतीनं वाकून त्या भोकाशी डोळा नेला. तारेला ढील नव्हती. कुणीतरी ती तोकडी कापून ताणून बसवली होती. भोकाची कड धारदार होती आणि कडेला जिथं तार घासत होती तिथलं सुती आवरण झिजून गेलं होतं. आत मोहरीच्या दाण्याएवढं तांबं चमकत होतं. महिपतीनं दोन्ही हातांनी इंजिनाला रेटा दिला. जुन्या गाडीचं इंजिन किंचित हललं, तार ताणली आणि तो मोहरीचा दाणा बरोबर लोखंडावर जाऊन टेकला. हात काढला, सुटला.

घाटात गाडी जोर लावते, इंजिन एका अंगाला झुकतं, तार टेकते. गाडी थांबली की इंजिन जागेवर येतं, तार सुटते. वाऱ्याच्या जागी चढ आला होता, एवढाच फरक. महिपती सरळ उभा राहिला आणि पोट धरून हसला. मग नाकावरचं झाकण जसं होतं तसं ठेवून बटाट्याच्या वाफ्यात पाणी सोडायला गेला.

त्यानं कुणालाही सांगितलं नाही. साहेबांना सांगायचा प्रश्नच नव्हता. रेग्याला सांगणं म्हणजे त्याच्या चौथ्या वाक्यात घालायला खाद्य देणं. आणि फकरुद्दीनला? फकरुद्दीन टोपी घालून धावत साहेबांकडं जाईल, साहेब क्लबात जाऊन ‘मी शोधलं’ म्हणून सांगतील. छे. त्यापेक्षा गंमत बघावी.

गंमत महिनाभर चालली. रेग्यानं मॅग्नेटो दोनदा मुंबईला नेला, आतली गुंडाळी बदलून आणली, आणि दोन्ही वेळा तीच तार त्याच भोकातून ओढून पुन्हा बसवली. पेट्रोलची नळी बदलली. टाकी धुतली. एका रविवारी त्यानं प्लगांना अत्तराच्या बाटलीतलं काहीतरी लावलं. दर शनिवारी गाडी वाजत-गाजत निघे आणि दर रविवारी शिंगरोबाच्या वर मरे. साहेबांनी शेवटी देवाला नारळ फोडला. ज्या ठिकाणी साधे लॉरीवाले पैसा टाकून पुढं जात तिथं सॉलिसिटर हात जोडून उभे राहिले, आणि गाडी त्यानंतर पन्नास पावलं जास्त चालली. महिपतीनं ही हकीकत फकरुद्दीनच्या तोंडून तीन वेळा सांगायला लावून ऐकली.

फकरुद्दीन मात्र वाळत चालला होता. "आबा, मी काय चुकतो?" तो ओट्यावर बसून डोकं धरे. "क्लच लवकर सोडतो का? आठ गाड्या चालवल्या, अशी एक नाही बघितली."

"हुईल, हुईल," महिपती म्हणे आणि तंबाखू मळे.

नाताळच्या आधीच्या शनिवारी तमाशा संपला. आठ दिवसांनी साहेबांकडं पाहुणे यायचे होते आणि ‘घाट एका दमात चढून दाखवतो’ असं साहेब त्यांच्यापुढं बोलून बसले होते. रेग्याला आता काहीतरी उत्तर देणं भाग होतं. त्यानं टाकीतल्या पेट्रोलची बाटली उन्हात धरली आणि म्हणाला, "यात पाणी आहे. पेट्रोल काढून घेतात आणि पाणी भरतात. विलायतेत असले ड्रायव्हर तुरुंगात जातात."

बाटलीत पाणी नव्हतं. पण साहेबांना पाणीच हवं होतं. त्यांनी फकरुद्दीनला पोर्चमध्ये उभं केलं, स्वयंपाक्यासमोर, मोलकरणीसमोर, आणि चोर म्हटलं. कोट काढून घेतला. टोपी काढून घेतली. फकरुद्दीन सदऱ्यावर थंडीत उभा राहिला. त्याची नजर फिरत फिरत महिपतीवर आली.

"आबा, तुम्ही रोज बघता. सांगा ना. मी कधी पाणी घातलं?"

महिपतीच्या हातात झारी होती. त्यानं ती दुसऱ्या हातात घेतली. साहेब म्हणाले, "तो काय सांगणार? तो माळी आहे." आणि फकरुद्दीन फाटकातून बाहेर गेला. जाताना त्यानं फाटकाची कडी नेहमीसारखी नीट लावली.

दुपारी अंबूबाईनं भाकरी वाढली. महिपतीनं दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "फकरूनं काय केलं न्हाई. तार टेकतीया पत्र्याला."

अंबूबाईचा हात थांबला. "तुमाला कसं ठावं?"

"डोळ्यानं बगितली."

"कवा?"

महिपतीनं पाण्याचा तांब्या उचलला.

"कवा बगितली?"

"झाला की म्हैना."

तिनं तवा खाली उतरवला. "म्हैनाभर ठावं हुतं आन तुमी दात काढत बसला? त्या रेग्याला काय येत न्हाई म्हनून त्यो गाढवावानी बोलला. तुमाला तर येत हुतं. मंग तुमी कोन?" महिपती काही बोलायला गेला तशी ती म्हणाली, "न्हाई, नगा सांगू. तुमी लय शाने. समदी येडी, तुमी शाने. त्या शानपनापायी एका गरिबाची रोटी गेली. खावा, निवतीया."

ती उठून बाहेर गेली. आजवर महिपतीला इन्स्पेक्टर, स्टेशनमास्तर, साहेब कमी-जास्त बोलले होते. त्यातलं एकही त्याच्या अंगाला चिकटलं नव्हतं. या बाईचं बोलणं चिकटलं. भाकरी तशीच राहिली.

आठ दिवस त्यानं कुढत काढले. नाताळात पाहुणे आले, आत्याबाईही आल्या. रविवारी सकाळी सगळे व्हरांड्यात चहाला बसले होते. महिपती चप्पल पायरीखाली काढून वर आला.

"सायेब, गाडीत पाणी न्हवतं. म्याग्नेटोची तार पत्र्याला टेकतीया. मी ती एक तार काडतो. आज गाडी घाटात मेली तर मला हाकला. न्हाई मेली तर फकरूला परत बोलवा."

पाहुणे हसले. साहेब चिडले असते, पण पाहुण्यांना मजा वाटते आहे हे बघून त्यांनीही हसायचं ठरवलं. रेगे म्हणाला, "काढू द्या, साहेब. माळ्याचं इंजिनिअरिंग! मी पुन्हा लावून देईन."

महिपतीनं शेडमध्ये जाऊन मॅग्नेटोवरचा एक स्क्रू सैल केला, तार सोडवली आणि टोक चिंधीनं बांधून बाजूला वळवलं. फकरुद्दीन नव्हता, म्हणून साहेब स्वतःच चामड्याची टोपी घालून, कानपट्ट्या बांधून चाकामागं बसले होते. रेगे शेजारी.

"सायेब, येक ध्यानात ठेवा," महिपती मोठ्यानं म्हणाला. "तार काडली म्हंजी स्विचनं गाडी बंद हुनार न्हाई. खाली पेट्रोलची चावी हाय, ती फिरवायची. आइकलं का?"

साहेबांनी कानपट्ट्यांतून काही ऐकलं नाही. त्यांनी हात हलवला. रेग्यानं ऐकलं, पण माळ्याचं ऐकल्याचं दाखवणं त्याच्या डगल्याला शोभण्यासारखं नव्हतं. व्हरांड्यातल्या आत्याबाईंनी ऐकलं, पण त्यांना कुणी विचारलं नाही. गाडी गरजत गेली.

तासाभरानं घाटातून आवाज वर यायला लागला. महिपती फाटकाशी उभा राहून ऐकत होता. आवाज चढला, शिंगरोबाचा चढ आला असावा, आणखी चढला. खोकला नाही. धक्का नाही. खंडाळा मागं पडला, लोणावळ्याचा बाजार आला, आणि धुळीच्या लोटातून लांब नाक फाटकात वळलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी हसत, ऐटीत, दोन बोटांनी स्विच फिरवला.

इंजिन चालूच राहिलं.

त्यांनी पुन्हा फिरवला. मग उलटा फिरवला. मग मुठीनं ओढला, तेव्हा खटका त्यांच्या हातात आला. खटका हातात आलेला बघून साहेब इतके गोंधळले की क्लचवरचा पाय निसटला आणि गाडी पुढं निघाली. ब्रेक समजून त्यांनी भलतंच काही दाबलं. गुलाबाचा वाफा गेला. बागेत मांडलेलं चहाचं टेबल गेलं. पाहुणे त्याआधीच गेले होते. रेग्यानं विलायती पद्धतीनं बाहेर उडी मारली आणि तो बटाट्यांत पडला. गाडी उतारानं खाली गेली आणि पालापाचोळा टाकायच्या खड्ड्यात नाक खुपसून थांबली. मागची चाकं हवेत फिरत होती, इंजिन गर्जत होतं, आणि साहेब तुटका खटका धरून "थांब! थांब!" असं गाडीला सांगत होते. बैल तरी ऐकतो.

महिपती घाई न करता आला. गुडघ्यामुळं त्याला घाई करताही आली नसती. त्यानं साहेबांच्या पायांजवळ हात घातला, पेट्रोलची चावी फिरवली आणि शेजारी उभा राहिला. नळीत उरलेलं पेट्रोल संपायला मिनिटभर लागलं. मग इंजिनानं दोन उचक्या दिल्या आणि ते गप्प झालं.

साहेब ओरडले, "सांगितलं का नाहीस?"

व्हरांड्यातून आत्याबाईंचा आवाज आला. "सांगितलं त्यानं, मनू. मोठ्यानं सांगितलं. तुझ्या कानांवर टोपी होती, आणि या रेग्याच्या कानांवर काय होतं ते त्यालाच विचार."

महिपतीनं त्याच दुपारी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून भोकाच्या कडेला बसवला, जुनी तार टाकून ढील सोडून नवी ओढली. खटका परत जागेवर बसवला. त्यानंतर ती गाडी घाटात कधी मेली नाही. साहेबांनी क्लबात सांगितलं की दोष रेग्यानं शोधला. ते महिपतीच्या कानावर आलं, आणि त्याला त्यात काही नवल वाटलं नाही.

फकरुद्दीनला बोलवायचं साहेबांनी कबूल केलं होतं. निरोप महिपती स्वतःच घेऊन गेला. फकरुद्दीन कामशेतला एका तांदळाच्या व्यापाऱ्याच्या लॉरीवर लागला होता. स्टेशनाबाहेर तो पोती मोजून चढवून घेत होता.

"फकरू, तुज्यावरचा आळ गेला. तार टेकत हुती. सायबानं बोलीवलंय."

"कळलं मला. बाजारात सगळं कळतं." फकरुद्दीननं पोत्यावरची धूळ झटकली. "एकच सांगा आबा. तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलायला जागा होती. ‘परवाच’ म्हटलं असतं तर फकरुद्दीननं मानलं असतं. महिपती म्हणाला, "तू तार दावलीस त्याच दिवशी."

"म्हणजे मी तुमच्या ओट्यावर बसून डोकं धरत होतो तेव्हा?"

"व्हय."

"आणि पोर्चमध्ये तुमच्याकडं बघितलं तेव्हा?"

"व्हय."

फकरुद्दीननं पोत्याच्या तोंडाची गाठ आवळली. मग म्हणाला, "साहेबानं चोर म्हटलं ते मी विसरेन. त्या माणसाला काही कळतच नाही." तो हमालाकडं वळला आणि त्यानं पोत्याचं दुसरं टोक धरून ते वर टाकलं.

परतीच्या गाडीत महिपती दाराशी उभा होता. रुळांच्या कडेचे त्याचे जुने खांब एकामागून एक मागं जात होते. त्यानं एकाकडंही बघितलं नाही.

फकरुद्दीन परत आला नाही. साहेबांनी मग त्याची छज्जावाली टोपी महिपतीपुढं केली. गाडीची देखभाल तूच कर म्हणाले. महिपतीनं टोपी हातात घेतली, आतून-बाहेरून बघितली आणि टेबलावर ठेवली. "ही घातली की आइकू येत न्हाई," तो म्हणाला. शिमग्याला अंबूबाईसह तो पाटणला परत गेला. लढाईत पेट्रोलचा तुटवडा झाला तेव्हा साहेबांची रेसर ताडपत्रीखाली पडली, उंदरांनी गादी खाल्ली, आणि पुढं कुणीतरी ती चाकांसाठी नेली.

महिपती सुधारला असं म्हणवत नाही. माणसांविषयीचं त्याचं मत होतं तेच राहिलं. पण एक झालं: दिसलेला दोष त्याच्याच्यानं पोटात ठेववेना. कुणाची मोट, कुणाची सायकल, मळवलीच्या स्टेशनातला टेलिफोन, कुणाच्या छपराचा वासा. काही वाकडं दिसलं की तो न बोलावता जाई, मालकाला आधी गाढव म्हणे आणि मग दोष सांगे. गावात तो नकोसा झाला. अंबूबाई म्हणे, "सांगा, पर ग्वाड बोला." ते त्याला कधी जमलं नाही.

बेचाळीस सालच्या थंडीत तळेगावचे एक डॉक्टर पाटणला एका बाळंतिणीला बघायला मोटर घेऊन आले. गाडी येतानाच महिपतीनं तिचा अडखळता आवाज ऐकला आणि तो रस्त्यात आडवा आला.

"डागदर, तुमच्या ब्याटरीची तार ढिली हाय."

"बाजूला व्हा हो. पेशंट कुठाय?"

"पेशंट बगा जावा. पर परत जाताना अंधारात दिवं जात्याल आन नाल्यात पडाल. येवढं शिकून येक बोल्ट आवळता येत न्हाई? गाडव हाय का काय?"

डॉक्टर संतापून आत गेले. दीड तासानं बाहेर आले. पोरगी झाली होती, बाळंतीण सुखरूप होती, आणि महिपती अजून गाडीपाशीच उभा होता. डॉक्टरांनी झाकण उघडलं. तार हलवली तशी ती हातात आली. त्यांनी पाना काढून मुकाट्यानं बोल्ट आवळला.

पुढं त्या बाजूच्या गावांना जायचं असलं की डॉक्टर वाट वाकडी करून महिपतीच्या दारात येत, भोंगा वाजवत आणि खाली न उतरताच म्हणत, "बघा बुवा काय ते. फक्त शिव्या जरा कमी द्या, मला उशीर झालाय."

महिपती झाकण उघडे. शिव्या तो कमी देत नसे.